आप्पांची डाव्या हाताची गाडी

“मुनीमजी, त्याला सांगा,” असं म्हणून आप्पा छताकडे बघायचे. हा ‘तो’ म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, आणि तो त्याच गादीवर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर बसलेला असायचा. मी सांगायचो. मग धाकटे मालक भिंतीकडे बघत म्हणायचे, “मुनीमजी, त्यांना म्हणावं, कळलं.” मी म्हणायचो, “आप्पा, त्यांना कळलं.” अहमदपूरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, त्यांच्या अडत दुकानात मी मुनीम म्हणून लागलो होतो, पण त्या दिवसांत माझं खरं काम टेलिफोनच्या तारेचं होतं.

अबोला तुम्हीही पाहिला असेल. जावाजावांचा असतो, शेजाऱ्यांचा असतो, तो सणावाराला मोडतो. हा मोडत नव्हता. लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा धाकटे मालक म्हणाले होते की आता सगळा व्यापार तिकडं जाणार, आपणही लातूरला दुकान टाकू. आप्पांचा जीव अहमदपुरात. ते हमालांच्या देखत बोलून गेले, “लई हौस हाय तर जा की मग. तुला कुणी बांधून ठेवलंय?” धाकटे मालक गेले नाहीत. फक्त त्या दिवसापासून भावाशी बोलायचे थांबले.

त्यात पाऊस रुसला. मोंढ्यात धान्याची गाडी येईना. मापाडी झाडाखाली पत्ते कुटत बसायचे. कामाच्या गडबडीत अबोला खपून जातो हो, पण रिकाम्या दुकानात दोन भाऊ सकाळपासून दिवेलागणीपर्यंत समोरासमोर बसलेत आणि मध्ये आपण, ही शिक्षा मी वैऱ्यालाही देणार नाही. एका दुपारी धाकटे मालक जेवायला गेल्यावर आप्पा मला म्हणाले, “मुनीमजी, उद्या मी मेलो तर हा माझ्या मढ्याशी बी तुमच्या तोंडूनच बोलंल का?” त्यांचे डोळे भरले होते आणि ते उपरण्यानं तोंड पुसण्याचं नाटक करत होते.

अशा दिवसांत आप्पांनी मोटार घ्यायचं काढलं. साधी नव्हे, अमेरिकन. लहानपणी उदगीरला त्यांनी कुणा बड्या अंमलदाराची तसली गाडी पाहिली होती आणि ती त्यांच्या डोक्यात बसली होती. हैदराबादेत एका जुन्या घराण्याच्या गाड्या विकायला निघाल्यात असं कळलं, तसे ते मला घेऊन निघाले.

तिथं दोन गाड्या होत्या. एक काळी, आपल्याकडच्यासारखी उजव्या हाताच्या चाकाची. दुसरी पिस्त्याच्या रंगाची, बैलगाडीला बैलगाडी जोडावी इतकी लांब, मागं माशाच्या शेपटीसारखे दोन पंख आणि स्टिअरिंग डावीकडे. विकणारे मियाँ सरळ माणूस होते. ते म्हणाले, “सेठ, काली ले लो. ये अकेले आदमी की गाडी नई. सामने कोई गाडी हो तो आगे का रस्ता दिखता नई, बाजू में एक बोलनेवाला होना.”

आप्पांनी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, “हीच पाहिजे.”

परतीच्या वाटेवर मी कुरकुर केली. आप्पा खुशीत होते. “मुनीमजी, आता त्याला बाजूला बसावं लागंल. बसला की बोलावं लागंल. न बोलून सांगतो कुणाला?” भावाच्या तोंडून चार शब्द काढायला या माणसानं एवढं धूड विकत घेतलं होतं.

गावानं तोंडसुख घेतलं. माणसांना प्यायला पाणी नाही आणि हे गाडीला पाजणार, असं लोक बोलले, आणि ते खोटं नव्हतं. आप्पांनी त्यावर उपाय काढला. घरात त्यांच्या आंघोळीला जो तांब्याभर पाण्याचा हिस्सा यायचा तो ते गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतायचे आणि अंगावरून ओला पंचा फिरवून दुकानात यायचे. “आज माझी आंघोळ गाडीनं केली,” असं म्हणून गादीवर बसायचे. तेवढ्यावरून लोक हसले आणि त्यांचा राग गेला.

पहिले काही दिवस बाजूला मीच बसलो. उजव्या बाजूला बसल्यामुळे लोक मलाच ड्रायव्हर समजत. आमच्या जवळच्या शिरूरला एक म्हातारी माझे रिकामे हात बघून नातीला म्हणाली, “बघ गं, हात सोडून हाकतोय.” मी उगाच मान ताठ केली. आप्पा चालवताना वेगळेच व्हायचे. दुकानात मिटलेला माणूस इथं गुणगुणायचा, माळावरून वाऱ्यानं उडालेली धूळ खायचा आणि म्हणायचा, “काय पळून राहिलीय बघा.” सोफ्यासारख्या त्या लांब सीटवर बसलं की मलाही श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग दुकानाच्या परवान्यासाठी लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीत दोघा भावांना मिळून खेपा घालाव्या लागणार असं ठरलं. आप्पांनी उजवं दार स्वतः उघडून धरलं आणि मला म्हणाले, “तुम्ही मागं बसा.” धाकट्या मालकांनी गाडी आतून बघितली. “मुनीमजी, त्यांना म्हणावं, मध्ये जागा हाय.” आणि मला दंडाला धरून त्या सीटवर मधोमध बसवलं. आप्पांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. अमेरिकेतल्या ज्या कुणी एका ओळीत तिघांची सीट केली, त्याला मी मनात शिव्या घातल्या.

तेव्हापासून प्रवास असा व्हायचा. “मुनीमजी, पुढं बैल हाय म्हणावं.” “आप्पा, पुढं बैल आहे.” तोवर बैल मागं पडलेला असायचा. एकदा मी निरोप पोचवेपर्यंत समोरची एसटी आमच्या आरशाला फुंकर घालून गेली. आप्पा त्या दिवशी घरी गेल्यावर जेवले नाहीत.

शेवटी माझी दाढ कामाला आली. ती इतकी ठणकत होती की लातूरच्या खेपेला मी ती काढूनच घेतली. दातांच्या डॉक्टरांनी गालात कापसाचा बोळा कोंबला आणि संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. धाकट्या मालकांनी मला तसंच मध्ये बसवलं आणि आम्ही परत निघालो.

चाकूरच्या अलीकडे पुढं पाण्याचा टँकर लागला. मागून पाणी गळत होतं, टँकर मुंगीच्या पावलानं. डाव्या बाजूनं आप्पांना टँकरच्या पाठीशिवाय काही दिसेना.

“मुनीमजी, त्याला विचारा, मोकळं हाय का.”

मी गालाकडे बोट दाखवलं. धाकटे मालक खिडकीबाहेर बघत राहिले. आमची गाडी तापायला लागली. आप्पांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं, मी “ऊं” केलं. खरं सांगायचं तर बोळा थुंकून मला बोलता आलं असतं. पण इतक्या दिवसांचा संताप माझ्याही पोटात होता. मनात म्हटलं, मी नाही बोलणार, काय व्हायचं ते होऊ दे.

आप्पांनी हळूच गाडी उजवीकडे काढायला सुरुवात केली. एक चाक बाहेर. दुसरं चाक बाहेर. मला समोर काय येतंय ते अर्धवट दिसलं.

“ट्रक हाय, आप्पा. आत घे.”

धाकट्या मालकांचा आवाज मोठा नव्हता. आप्पांनी गाडी आत घेतली. ट्रक धडधडत निघून गेला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “आता?”

“थांब. एक सायकलवाला हाय. जाऊ दे त्याला.” धाकटे मालक आता पुढं झुकून बसले होते. “हं, जा.”

आम्ही टँकर मागं टाकला. धाकटे मालक मागं टेकून पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले, आणि मला धास्ती वाटायला लागली की पुन्हा सगळं मिटतंय. मग आप्पा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “लातूरला दुकान टाकायचं म्हणत होतास तू.”

“आता दुष्काळात कशाला. पाऊस पडू दे.”

“जागा तर बघून ठेवू.”

“तू कशाला बघतोस, तुला हमरस्त्यावरची जागा लागती. तिथं बैलगाड्या उभ्या कुठं करायच्या?”

“मला शिकवू नको. तू पाळण्यात होतास तवापासून मी मोंढा बघून राहिलो.”

आणि ते भांडायला लागले. माझ्या डोक्यावरून, माझ्या नाकासमोर हात नाचवत, अहमदपूर येईपर्यंत. मी मध्ये तोंड मिटून बसलो होतो आणि छातीवरचं पोतं कुणी उतरवावं तसं हलकं वाटत होतं. माझे डोळे वाहत होते. दाढेमुळे, असं मी घरी सांगितलं.

पुढं पाऊस झाला, लातूरचं दुकानही झालं. आप्पा अहमदपुरातच राहिले, पण लातूरला दुकानाची जागा ठरेपर्यंत दोघांनी त्या गाडीतून पन्नास जागा नापसंत केल्या असतील. मला कुणी सोबत बोलवलं नाही.

आप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या घरातल्या फोटोत ते समोर बघतात. माझ्या डोळ्यांपुढं मात्र ते वेगळेच येतात. दुष्काळ सरला त्या पावसाळ्यात मी सासुरवाडीहून निघून चाकूरच्या फाट्यावर पिशवी घेऊन उभा होतो. लातूरकडून ती पिस्त्याच्या रंगाची गाडी आली. मी हात केला. डावीकडे बसलेले आप्पा माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले, पण त्यांचं तोंड भावाकडे होतं आणि ते काहीतरी तावातावानं सांगत होते. त्यांना मी दिसलोच नाही. मी गाडीनं अंगावर उडवलेला चिखल झटकला आणि एसटीची वाट बघत बसलो, इतका खूश की आलेली पहिली एसटी नांदेडला जाते का उदगीरला हेही न विचारता मी तिच्यात चढलो.