तिच्या चावीची माझ्याकडची प्रत

लॅपटॉपवर आज्ञा टाइप करायची, टर्मिनलची काळी खिडकी उघडली की माझा डावा गुडघा हलायला लागतो. घरात सगळ्यांना माहीत आहे. बायको म्हणते, "पाय थांबवा, टेबल हलते." थांबवतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू. ही सवय कधी लागली ते मला नेमकं माहीत आहे, पण आजवर कुणाला सांगितलं नाही. मागच्या रविवारी एका बाईला सांगून झालं. सगळ्यांत आधी तिलाच सांगायला हवं होतं.

मी नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं बघतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याकडे. कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनतात. त्यांची ड्रॉइंगं करणाऱ्या चौघांत ती एक होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. ती मला भाऊ म्हणायची, मी तिला ताई. नवऱ्याबरोबर नागपुरात भाड्यानं राहायची. लॉकडाऊन लागला तसं दोघं मुलीला घेऊन कुहीजवळच्या गावी, तिच्या सासरी गेले.

साहेबांनी सांगितलं, ड्रॉइंगवाल्यांना घरून कामाला लावा. मी सर्व्हरवर व्हीपीएन बसवला. घरच्या लॅपटॉपपासून कारखान्याच्या सर्व्हरपर्यंत टाकलेली बंद पाइपलाइन, असं मी सगळ्यांना समजावायचो. पाइपलाइनचं दार उघडायला प्रत्येकाला एक चावी. चावी म्हणजे एक छोटीशी फाइल. ती ज्याची त्याच्याच मशिनवर असावी, दुसरीकडे नसावी, हा यातला पहिला नियम. मला तो पाठ होता. तरीही मी सगळ्यांच्या चाव्या स्वतः बनवायचो आणि लॅपटॉप हातात देण्याआधी चावी माझ्या घरच्या लिनक्स मशिनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, टाकून चालवून बघायचो. चालली की पुसायचो. माझ्याकडून गेलेल्या वस्तूत खोट निघत नाही, ही माझी मिजास होती.

तिचा लॅपटॉप न्यायला तिचा नवरा आला तेव्हा त्याच्याकडचा पोलिसांचा पास दुपारपर्यंतचाच होता. माणूस गेटबाहेर गाडी चालू ठेवून उभा. त्या घाईत तिची चावी माझ्या मशिनवरून पुसायची राहिली. एवढंच नाही. मशिन सुरू झालं की ही व्हीपीएनची लाइन आपोआप लागावी, अशी आज्ञाही मी हाताच्या सवयीनं देऊन बसलो होतो.

एकच चावी दोन ठिकाणांहून लागली तर सर्व्हर दुसऱ्याला आत घेतो आणि पहिल्याला बाहेर काढतो. बाहेर पडलेला मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा येतो, मग दुसरा बाहेर. दोघं दिवसभर एकमेकांना ढकलत राहतात. तिची लाइन अशी पडायला लागली. कारखान्यात आम्हाला एक दिवसाआड बोलावत. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी हिंगण्याला असायचो आणि माझं घरचं मशिन बंद असायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार ते माझ्या शेजारी चालू असायचं. मी कामाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन तिचा फोन घ्यायचो, "ताई, आता बघा लागलं का," म्हणायचो, आणि टेबलावरचं माझंच मशिन तिला बाहेर ढकलत असायचं.

वारांचा हा हिशेब माझ्याही लक्षात आला होता. पण मी तो कुठं नेला बघा. गावाकडे शेतीच्या पंपाची लाइन, म्हणजे वीज, वार ठरवून येते, काही वार दिवसा, काही वार रात्री. मी विचारलं, "ताई, मंगळवार, गुरुवार, शनिवार तुमच्याकडे दिवसाची लाइन आहे का?"

"हो ना भाऊ. सध्या तसंच आहे."

"मग झालं तर. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि राउटर बसतो."

तिनं सासूला सांगून त्या तीन वारी दिवसाची मोटार बंद ठेवायला लावली. जूनचा महिना, शेतात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकलेले, वर पाऊस नाही. तरी व्हीपीएनची लाइन पडायची ती पडायचीच. मी म्हटलं, शेजाऱ्यांच्या मोटारी असतील.

"आता शेजाऱ्यायच्या मोटारी मी कशा बंद करू भाऊ? काठी घेऊन जाऊ का विहिरीवर?" ती हसत होती. मग तिनं मोबाइलचं नेट लावून बघितलं. रेंज मिळावी म्हणून डोक्यावर ओढणी घेऊन, भर उन्हात लॅपटॉपसकट गच्चीवर बसायला लागली. तिथंही तेच.

एकदा ती म्हणाली, "भाऊ, राग नका मानू. तुम्ही हिंगण्याले असले का माझं चांगलं चालते. तुम्ही घरी असले का बिघडते."

"म्हणजे माझा पायगुण वाईट म्हणता का?" मी म्हटलं. दोघंही हसलो. तिनं दोष बरोबर शोधून माझ्या पुढ्यात ठेवला होता. मी तो गंमत म्हणून बाजूला सारला.

मग एका गुरुवारी साहेबांचा फोन आला. "गावात आराम चाललाय तिचा. वेळेवर एक ड्रॉइंग नाही. ती कधी आत येते, कधी बाहेर जाते, सगळा रेकॉर्ड मला छापून दे." सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक ये-जा नोंदलेली असते. शुक्रवारी मी ते कागद छापले, टाचणी लावली आणि त्यांच्या टेबलावर ठेवले. तिच्या नावासमोर दर दोन-तीन मिनिटांनी बाहेर, आत, बाहेर, आत. मी त्या कागदांकडे नीट बघितलं असतं तरी कळलं असतं. साहेबांनी तिला फोनवर काय ऐकवलं ते मला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत तिचा राजीनामा आला. महिनाभराची नोटीस.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, घरी बसून मी तो लॉग पुन्हा उघडला. का उघडला, सांगता येत नाही. काहीतरी टोचत होतं. तिच्या नावापुढे नेटचे दोन पत्ते आळीपाळीनं येत होते. एक तिच्या गावाकडचा. दुसरा ओळखीचा वाटला. तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी उघडली, तशीच मिटली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि आपल्या घरच्या नेटचा पत्ता काढून बघितला. तोच होता.

चावी पुसायला मला दहा सेकंद लागले. तिची लाइन त्यानंतर पडली नाही.

सोमवारी साहेबांना सांगता आलं असतं. राजीनामा तेव्हा नुसता कागदावर होता. मी त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो आणि प्रिंटरची शाई संपली असं सांगून परत आलो. दुसरी कसली अडचण नव्हती, मी घाबरलो. चूक लहान होती, पण मी छापून दिलेल्या त्या कागदांवर एका बाईची नोकरी गेली होती.

त्या नोटिशीच्या महिन्यात तिचं काम बिनबोभाट चाललं. एका व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "देखो भाई, जायचं ठरलं तसं नेट कसं सुधारलं!" सगळे हसले. मीही हसलो.

गुडघा तेव्हापासून हलतो.

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "भाऊ, ओळखलं का?" मी ओळखलं. पुण्याच्या एका कंपनीत तिला ड्रॉइंगचं काम मिळालं होतं, लिनक्स लॅपटॉपवर, व्हीपीएन लावून. सोमवारपासून सुरुवात.

"घरून करता येते म्हणतात. पण आमच्या गावच्या लाइनीचं तुम्हाले माहीतच आहे. मागच्या वेळेस नोकरी गेली ना तिच्यापायी. म्हणून नागपूरले खोली पाहून ठेवली. पोरगी इथं आजीजवळ राहीन. रविवारी खोलीवाल्या ताईले हो सांगायचं आहे. त्याच्या आधी एकदा येऊन पाहून जा ना. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

मी हो म्हटलं. रविवारी सकाळी मोटारसायकलवरून कुहीकडे जाताना सगळ्या रस्त्यानं वाक्यं जुळवत होतो. उमरेड रोड सुटला तोवर तीन वेळा जुळवून मोडली होती.

ओसरीत तिची सासू तांदूळ निवडत बसली होती. मला बघून सुनेला म्हणाली, "का वं, हेच का ते, मोटार बंद कराले लावणारे?"

"आई, काही पण काय बोलता!"

"बोलू दे ना. बसा गा बाबू. या वेळेस पंखा तरी चालू ठेवू देता का?"

मी हसलो. चहा आला. मुलगी बाहेर सायकल खेळत होती. कंपनीनं दिलेला सूचनांचा कागद तिनं समोर ठेवला. त्यात पहिलीच ओळ होती: चावी आपल्या मशिनवर आपणच बनवा, तिचा खासगी भाग कुणालाही देऊ नका, सार्वजनिक भाग तेवढा आम्हाला पाठवा. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला, आज्ञा दिली, चावीचे दोन्ही भाग तयार झाले. ती शेजारी वहीत लिहून घेत होती.

मग माझ्या हातानं खिशातला पेनड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला आणि खासगी चावीची प्रत त्यावर घेतली. घरी जाऊन एकदा चालवून बघू, पुढं काही अडचण आली तर आपल्याकडे असावी. एवढी वर्षं झाली, एवढं सगळं झालं, आणि माझा हात त्याच वाटेनं गेला. तिनं "हे काय?" असंही विचारलं नाही. भरवसा होता.

मी थांबलो. रस्त्यात जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"ताई, मागच्या वेळेस तुमची लाइन चांगली होती. तुमची चावी माझ्या घरच्या मशिनवर राहून गेली होती. मी घरी मशिन लावलं की तुम्ही बाहेर पडायच्या."

तिचा पेन थांबला. "म्हणजे गावच्या नेटचा दोष नव्हता?"

"नव्हता."

"मी गच्चीवर बसत होती ते?"

"गरज नव्हती."

"काय म्हणून राहिला वं हा?" ओसरीतून सासूनं विचारलं.

"मोटारीचा दोष नव्हता म्हणतात, आई."

"मंग कोणाचा होता?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझा होता, आई."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "माझे पऱ्हे वाळले होते गा बाबू," एवढंच म्हणाली, आणि सूप पुन्हा उचललं.

"तुम्हाले केव्हा समजलं?" ताईनं विचारलं. या प्रश्नाला मी एवढी वर्षं भीत होतो.

"राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आन् महिनाभर?"

"गप्प राहिलो."

"साहेब नेटवरून बोलले तेव्हा तुम्ही हासले होते," ती म्हणाली. "व्हिडिओ सुरू होता. मले दिसलं होतं. वाटलं, भाऊले तरी हासायला नको होतं."

मी माफी मागितली. ती ऐकून तिनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "तो पेनड्राइव्ह पुसा. माझ्यासमोर पुसा." पुसला. "आता तिकडं तोंड करा. मी नवीन चावी बनवते. तुम्ही नुसतं सांगा."

मी खुर्ची दाराकडे वळवली. अंगणाकडे बघत एकेक आज्ञा सांगत गेलो. एकदा तिनं एक अक्षर गाळलं, मशिन ओरडलं, मी वळायला गेलो. "बसा तिथंच," ती म्हणाली, आणि चूक स्वतः शोधली. सार्वजनिक भाग तिनं पुण्याला पाठवला, रविवार असूनही तिकडून उत्तर आलं, लाइन लागली. पण नीट नाही. साधे निरोप जात होते, ड्रॉइंगची मोठी फाइल उघडायला गेलं की मध्येच थिजायची.

"हेच ना! झालं सुरू," तिचा आवाज खाली गेला. "खोलीच पाहावं लागते."

"नाही ताई. हे वेगळं आहे." आणि खरंच वेगळं होतं. पाइपमधून सामान गठ्ठ्यागठ्ठ्यानं जातं. आता त्यांच्या राउटरमध्ये मोबाइलचं सिम होतं; तसल्या नेटवर मोठा गठ्ठा कुठंतरी अडकतो, लहान सुटून जातो. गठ्ठ्याचा आकार ठरवणारा एक आकडा असतो, तो कमी करायचा. फाइलमध्ये कुठली ओळ ते सांगितलं, चौदाशे वीसच्या जागी बाराशे ऐंशी. तिनं बदलला, लाइन बंद करून पुन्हा लावली. ड्रॉइंग पूर्ण उघडलं. मी वळलो नाही, पण तिच्या बोटांचा आवाज थांबला त्यावरून कळलं.

मग तिनं न विचारता पिंग सुरू केलं. दर सेकंदाला सर्व्हरला हाक जाते, उत्तर आलं की एक ओळ उमटते. "आई, मोटार लावा जी," ती ओरडली. "आज दिवसाची लाइन आहे."

मोटार सुरू झाली. पंखा जरा मंदावला. ओळी येत राहिल्या. आता मी वळून बघत होतो, तिनं अडवलं नाही.

मी उठलो. "निघतो ताई."

"कुठं निघता? तासभर बसा. पडते का पाहू. मी अशीच बसत होती."

बसलो. तासभर आम्ही दोघं त्या ओळी बघत होतो. चहा पुन्हा आला नाही. गुडघा हलत होता. खरं सांगायचं तर माझ्या मनात येत होतं की एकदा तरी तुटावी. एकच ओळ चुकली असती तरी त्या जुन्या दोषातला थोडा गावच्या लाइनीवर टाकता आला असता. एकही चुकली नाही.

तिनं फोन उचलला आणि खोलीवाल्या बाईला सांगितलं, "ताई, खोली दुसऱ्याले देऊन टाका. मी इथूनच काम करणार आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता जा."