मी खोडलेली सात नावं
तीन वर्षं झाली, तरी माझा राग उतरलेला नाही.

तेव्हा आम्ही अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला होतो आणि मुलगी चौथीत. व्हर्जिनियाच्या इतिहासातलं एकेक माणूस होऊन मुलांनी हॉलमध्ये पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि समोरचं कागदी बटण कुणी दाबलं की आपली गोष्ट सांगायची, असा शाळेचा कार्यक्रम होता. लेकीच्या वाट्याला आला आमच्याच भागातला एक जुना जमीनदार. इंग्लंडहून जहाजाने आला, जंगल तोडून तंबाखू लावली, वसाहतीच्या कायदेमंडळात निवडून गेला. त्याच्या नावाच्या रस्त्यावरूनच आम्ही भाजी आणायला जायचो.

लायब्ररीत तिला त्याच्या मृत्युपत्राची प्रत मिळाली. बायकोला पलंग, मुलाला गाई, आणि त्याच यादीत सात गुलाम माणसं. आडनाव एकालाही नाही. त्यातली सगळ्यांत लहान पोर आईपासून तोडून त्याच्या लेकीला दिलेली. माझं डोकंच फिरलं. मेला कायदे करत होता म्हणे! कुणासाठी?

पण भाषण मीच बसवलं. शाळेत वक्तृत्व स्पर्धेचे कप आणलेली मी. थोर पुरुषावर कसं बोलायचं ते मला पाठ होतं: जन्म, कष्ट, कर्तृत्व, शेवटी वंदन. वाकडं काही बोलायचं नाही. शिवाय आमचं ग्रीन कार्ड लटकलेलं, उगाच कुणाच्या डोळ्यांवर कशाला या? मी पेन घेऊन ती सातही नावं खोडली.

"बट आई, दे वेअर रिअल पीपल."

"असू देत. हे शाळेत नाही बोलायचं."

कार्यक्रमाच्या दिवशी तिने भाषण खणखणीत म्हटलं. टाळ्या पडल्या, मी फोनवर व्हिडिओ घेत होते. मग शाळेतल्याच, खालच्या वर्गातल्या एका काळ्या मुलीची आजी नातीला घेऊन पुढे आली. तिने बटण दाबलं, सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "छान बोललीस गं. पण एवढ्या तंबाखूच्या शेतात राबायचं कोण?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको.

"ही डिड," लेक म्हणाली. "ऑल बाय हिमसेल्फ."

 आजीने आपल्या नातीचा हात धरला आणि ती पुढच्या मुलाकडे गेली. मला तिच्या मागे धावत जाता आलं असतं. मी व्हिडिओ बंद केला, बस्स.

त्या मेलेल्या माणसावर चिडणं सोपं होतं. त्याची यादी मी मात्र त्याच्यापेक्षा साफ केली होती. त्याने निदान नावं तरी लिहिली होती.

गाडीत मला राहवलं नाही. म्हटलं, "तुला पाठ आहेत ना ती? म्हणून दाखव मला."

"आय नो ऑल सेव्हन," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण तुला नाही सांगणार."

अजून सांगितलेली नाहीत.