कोरडं मीठ

पंढरीची अर्धी हयात बाळकुमजवळच्या मिठागरात गेली. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तरीही पासष्टच्या लढाईत थोरला भाऊ राघो सरहद्दीवर असताना आईने देवापुढे ठेवलेलं बरणीतलं मीठ ऐन भादव्यात कोरडं राहिलं आणि राघो सुखरूप परतला, ही हकिगत त्याने घरात शंभरदा सांगितली होती. मीठ कोरडं तोवर माणूस सुखरूप, एवढी साधी गोष्ट.

यंदा जूनमध्ये आखातात क्षेपणास्त्रं उडू लागली आणि नातू धनेशचं जहाज नेमकं तिथेच होतं. फोन लागेना. सुनेने, जयाने, टीव्ही बंद केला, बरणीत जाडं मीठ भरलं आणि ती देव्हाऱ्यात ठेवली. आपल्याच हकिगतीने आपल्याला गाठलं, हे पंढरीने ओळखलं. बाहेर पाऊस लागून राहिला होता.

मग जया भाजीला गेली, की तो मीठ तव्यावर भाजून बरणीत परत भरायचा. सत्तरी उलटल्यावर लबाडी करायची आणि तीही देवाच्या दारात, याची त्याला लाज वाटे. पण संध्याकाळी जया झाकण उघडून बघायची आणि मगच दोन घास जेवायची.

नवव्या दिवशी तो तापाने आडवा झाला. तापाच्या चौथ्या दिवशी भिंत धरत देव्हाऱ्याशी गेला, झाकण काढलं. मीठ कोरडं होतं. त्याने भारावून हात जोडले. मग चिमूटभर बोटांत चोळून पाहिलं. दाणा बारीक होता, स्वयंपाकाच्या पिशवीतला.

जया मागेच उभी होती.

"आधीचं पार विरघळलेलं, बाबा. म्हणून घरातलं भाजून भरलं. तुम्ही पण भाजत होता, तव्यावरून कळलेलं मला. ओलं दिसलं असतं तर तुमचा धीर सुटला असता."

पंढरी हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्या भादव्यात भर दुपारी आईची चूल का पेटलेली असायची, हे त्याला साठ वर्षांनी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून दोघं मिळून भाजू लागले. लपवायचं काही उरलं नव्हतं, तरी एकही दिवस चुकला नाही.

आठवड्याने धनेशचा फोन आला. जयाने त्याचा आवाज ऐकला आणि फोन सासऱ्याच्या कानाला लावला. आजोबा, कसे आहात, पोरगा विचारत होता.

तव्यातलं मीठ हलवत पंढरी म्हणाला, "मीठ कोरडं हाय रे. ये आता."