आधी पुढे आलेला हात

अमेरिकेत फ्रीमाँटला आमच्या शेजारी नागपूरचे एक काका राहायचे. टीव्हीवर अमेरिकेचे आणि चीनचे नेते भेटले की हात आधी कोणी पुढे केला, एवढंच ते बघायचे. भाषण लागलं की टीव्ही बंद.

मी चिडायचो. "काका, या हस्तांदोलनांनी गरिबाला काय मिळालं?"

"अरे, चिनी नेत्याचा हात एका अमेरिकन मंत्र्यानं नाकारला होता म्हणे. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षच चीनमध्ये हात पुढे करत विमानातून उतरला. आपल्या आजोबांना गावात कुणी शिवत नव्हतं. आपल्याला याची किंमत कळू नये?"

पार्किंगवरून समोरच्या चिनी आजोबांशी त्यांचा अबोला होता. कायमचे नागपूरला निघाले त्या सकाळी काका हात पुढे करूनच जिना उतरले. खाली उभ्या आजोबांनी तो दोन्ही हातांत धरला.

परवा नेते पुन्हा भेटले. आजोबा आणि मी एकत्र बघत होतो. भाषण लागताच त्यांनी टीव्ही बंद केला.