मुंगसाचं दर्शन अन् कुत्र्याची बदनामी

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला आमचं रान हाये. तिथं दोन खोल्या बांधल्या, पन आमच्या आधी उंदीरच राहायला गेले. आम्ही सामान लावत व्हतो तवा ते असे बघत व्हते, जसे आम्हीच भाडेकरू. साबन खाल्ला, मोबाईलची वायर खाल्ली, माझ्या चपलेचा अंगठा खाल्ला. बायकोची चप्पल सोडली. घरात कोनाला भ्यायचं ते उंदरालाबी कळतं.

औषध टाकावं तर अंगनात कोंबड्या अन् एक कुत्रं. औषधाचा उंदीर त्यांच्या पोटात गेला की खेळ खलास. म्हनून मी औरंगपुऱ्यातून चिकट पुठ्ठा आनला. दुकानदार म्हनला, "यावर पाय पडला की सुटका नाय." मानूस खरा निघाला. सकाळी उठलो, पाय पडला, सुटका नाय. बायकोनं गोडं तेल चोळचोळून माझा पाय सोडवला. उंदीर फळीवर बसून बघत व्हता.

अशात एक दिवस सरपनाच्या ढिगातून मुंगूस निघालं. आमच्याकडं मुंगूस दिसनं लई चांगलं. लहानपनी ते पळालं की आम्ही मागं वरडायचो, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव!" ह्यानं तर न मागता दाखवलं. मी चहा खाली ठिवून हात जोडले. मंग उंदीरबी कमी व्हायला लागले. माझी तर श्रद्धाच बसली. रोज सकाळी ढिगापाशी सुकट टाकायची, दर्शन घ्यायचं, मंगच चहा.

बायको म्हनायची, "अहो, सुकट मी कालवनाला आनलीय, देवाला नाय."

"अगं, घरात साप येनार नाय, उंदीर राहनार नाय. फुकटचा राखनदार हाये."

तिची एक कोंबडी खुडूक झाली व्हती. तिच्याखाली उबवायला ठिवायची म्हनून बायको टोपलीत अंडी साठवत व्हती, अन् टोपलीतली अंडीच गायब व्हायला लागली. टरफलं सापडली लिंबाखालच्या दगडापाशी. तिथंच कुत्रं बसायचं. एक दिवस तर ते टरफल चाटतानाच घावलं. साक्षीपुराव्याची गरजच राहिली नाय.

"अंड्याची चटक लागलेलं कुत्रं सुधरत नसतं," बायको म्हनली, अन् तिनं भावाला फोन लावला. मेव्हन्याचं फर्दापूरला हाटेल हाये. "रविवारी ये, अन् हे घेऊन जा. राखनीला व्हईल."

ते कुत्रं एवढुसं असताना मी थैलीत घालून आनलेलं. घरात माझं ऐकनारं तेवढं एकच. ते गेलं तर मी 'हिकडं ये' कोनाला म्हनायचं?

लई गयावया केली तवा बायकोनं एक मार्ग काढला. अंड्याला भोक पाडायचं, आत लाल तिखट भरायचं, कनकीनं तोंड बंद करायचं अन् ठिवून द्यायचं. एकदा तोंड भाजलं की जनावर परत अंड्याकडं बघत नाय. मी ते अंडं भरलं, लई मन लावून भरलं, अन् त्याच हातानं डोळा पुसला. मंग मी असा रडलो की बायको धावत बाहेर आली.

"कुत्र्यासाठी एवढं? माझा बाप गेला तवा तुमच्या डोळ्याला टिपूस नव्हता!"

अंडं कुत्र्यापुढं ठिवलं. त्यानं हुंगलं, माझ्याकडं बघितलं अन् तोंड फिरवून झोपलं. मी म्हनलो, "बघ, खात नाय." ती म्हनली, "शहानं हाये. तुमच्या हातचं हाये हे वळखलं त्यानं." अन् तिनं ते अंडं टोपलीत सरकवून दिलं. एकट्यात तरी खाईल म्हनून.

रविवारी सकाळी मेव्हना टेम्पो घेऊन हजर. हातात दोर. कुत्रं त्याच्या पायात घोटाळत शेपूट हालवायला लागलं. मी चहा लई हळू पीत व्हतो. चहा संपला की कुत्रं जानार, म्हनून बशी संपूच देईना.

तेवढ्यात ढिगातून मुंगूस निघालं. माझ्या सुकटीनं ते एवढं मानसाळलं व्हतं की आमच्याकडं बघितलंबी नाय. मी सवयीनं उठलो. "पाव्हनं, हात जोडा. लई शुभ हाये." मेव्हन्यानं दोर खांद्यावर टाकून हात जोडले. बायकोनंबी जोडले. आम्ही तिघंबी हात जोडून उभे, अन् मुंगूस आमच्यापुढून टोपलीकडं गेलं. अंडं काढलं. नाकानं ढकलत ढकलत लिंबाखाली नेलं. दगडाकडं पाठ केली अन् मागच्या दोन पायांमधून अंडं असं मागं फेकलं की फट्!

तिखट उडालं. मुंगूस शिंकलं. परत शिंकलं, अन् शिंकत शिंकत तुरीत पळालं.

माझे हात जोडलेलेच राहिले.

मेव्हना म्हनला, "अक्का, मंग न्यायचं कोनाला?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "सुकट ज्यानं टाकली त्याला ने."

"दाजी, कपडे भरा. हाटेलात भांडी लई असतात."

मी हसलो. बायको हसली नाय, म्हनून मी लगेच थांबलो. ती आत गेली, ताजी भाकर दुधात कुस्करून आनली अन् कुत्र्यापुढं ठिवली. "खा रं बाबा," म्हनली, "तुझ्यावर उगंच आळ घेतला." माझ्याशी ती एवढं मऊ कधी बोलल्याचं मला आठवत नाय.

मुंगसाला कोनी काय केलं नाय. आमच्याकडं त्याला मारत नसतात. मेव्हन्याला मात्र दिवसभर राबवला. दोघांनी मिळून कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी ठोकली. त्यानं ठोकली. मी खिळे अन् माझं बोट धरलं.

दिवस कलला तसा तो रिकामा टेम्पो घेऊन निघाला. कुत्रं पार रस्त्यापर्यंत भुंकत त्याच्यामागं गेलं. टेम्पो वळला तसं ते तिथंच उभं राहिलं. मी फाटकातून आवाज दिला, "हिकडं ये." अन् ते आलं.