गाडी उतरली

विलायतेत आमचे हे पहिल्यांदा नगरपालिकेवर निवडून आले, तेव्हा तिथल्या पेपरवाल्यानं विचारलं, "आधी विमानं, मग बसगाड्या, आता राजकारण. हे जमलं कसं?" यांनी लोकसेवा वगैरे बरंच काही सांगितलं. मी शेजारीच बसले होते. खरं उत्तर हिंगणघाटजवळच्या एका नाल्यात होतं, आणि ते इंग्रजीत सांगणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. लग्न झालं तेव्हा हे नागपूरच्या विमानतळावर विमानं दुरुस्त करत. तिथला रिवाज असा, की ज्यानं दुरुस्ती केली त्यानंच आत बसून पहिली चक्कर मारायची. यांना त्यात शान वाटे, मला घाम फुटे. डोक्यावर घरघर सुरू झाली की माझी पोळी तव्यावर करपलीच. विमानतळाचा शिपाई सायकलवरून "उतरलं हो बाई!" असं ओरडत गेला की मगच जीवात जीव यायचा. शेवटी मी हट्टाला पेटले. जमिनीवरची नोकरी बघा, नाहीतर मी माहेरी चालले. यांनी हिंगणघाटच्या मोटर डेपोत मॅनेजरची जागा धरली.

आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! नोकरी बदलली, माणूस तोच. वर्ध्याकडे जाणाऱ्या सडकेवर एका नाल्याला पूल नव्हता, नुसता दगडी रपटा होता. पाऊस झाला की पाणी त्याच्यावरून वाहायचं. ते ओसरल्यावर गाडी सोडायची की नाही, हे मॅनेजरनं ठरवायचं. आणि यांचं म्हणणं, ठरवणाऱ्यानंच पहिल्या गाडीत बसावं. विमानातला रिवाज मोटरीत आणला होता. दारात ताटकळायचं माझं काम तेवढं कायम राहिलं.

श्रावणातल्या एका दुपारी डेपोचा शिपाई सायकल टाकून धापा टाकत दारात आला. "बाई, सायेबाची गाडी उतरली!"

"बरं झालं बापा," मी म्हणाले. "बस. च्या पेऊन जाजो."

आधण ठेवलं, साखरेचा डबाही काढला. हा मात्र तसाच उभा.

"बाई, च्या काऊन? गाडी उतरली म्हन्तो ना मी. रपट्यावरून खाली, नाल्यात!"

विमानवाल्यांत उतरणं म्हणजे सुखरूप जमिनीला टेकणं. मोटरवाल्यांत उतरणं म्हणजे सडक सोडून खाली जाणं. एवढे दिवस हिंगणघाटात राहून मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"सायेब?" मी विचारलं.

"मले नाई माहीत बाई. मी तसाच पळत आलो."

चूल तशीच सोडून मी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. नऊवारी नेसलेली मॅनेजरची बायको शिपायाच्या मागे बसून चालली आहे, हे सगळ्या बाजारानं पाहिलं. पाहू दे म्हटलं. वाटेत मी एकेका देवाला वेठीला धरलं, आणि यांनाही शिव्या घातल्या. या माणसाला काही झालं तर मी त्याला कधी माफ करणार नाही, असं काहीतरी वेड्यासारखं मनात येत होतं.

गाडी पाण्यात तोंड घालून तिरपी झाली होती. काठावर उतारू लुगडी-धोतरं पिळत होते. सगळ्यांना मागच्या दारानं काढून हे शेवटी बाहेर पडले होते, आणि आता गुडघाभर चिखलात उभे राहून ड्रायव्हरला धीर देत होते. मला पाहून म्हणाले, "तू काऊन आलीस? काई नाई झालं."

घरी येऊन हे पाय धुऊन ओट्यावर बसले. मी चहा दिला, तो यांनी न पिताच बाजूला ठेवला.

"मले लय भेव लागलं आज," ते म्हणाले.

"आजच?"

"नाई. इमानातही लागे. दर खेपेले."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू आधीच इतकी भेत होतीस. त्यात माह्या भेवाची भर कायले टाकू?"

मला रडूही आलं आणि रागही आला. इतके दिवस एका घरात राहून आम्ही दोघं आपापलं वेगवेगळं भीत होतो.

पाऊस उघडला, रपटा मोकळा झाला, आणि पूल मागायला यांनी वर्ध्याच्या कचेरीत जायचं ठरवलं. त्या पुलापायी पुढे इतके खेटे घातले की साहेबलोकांशी भांडायची यांना चटकच लागली. विलायतेत बसच्या नोकरीवर गेले तरी ती सुटली नाही, निवडणुकीपर्यंत घेऊन गेली.

पण त्या पहिल्या सकाळी हे वर्ध्याच्या पहिल्या गाडीनं निघाले, तेव्हा मी दाराला कुलूप लावलं आणि गाडीत यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तू कुठी निघालीस?"

"तुमच्यासंगं भ्यायले," मी म्हणाले.

हे हसले नाहीत. जरा सरकून त्यांनी मला जागा करून दिली. रपटा आला तेव्हा आम्ही दोघांनीही समोरची दांडी घट्ट धरली.