चंदाबाईचा सतरावा नंबर

तुम्ही कधी एखाद्या चपलेच्या मागं रांगेत उभे राहिलात काय? खरं सांगा. नसाल राहिलात, तर टेलिफोनचे शंभर नंबर पाठ असूनही 'नंबर' म्हणजे काय ते तुम्हाला अजून कळलेलं नाही.

कुरखेड्याजवळच्या एका गावच्या चंदाबाईला ते पक्कं कळत होतं. शाळा दुसरीपर्यंत, पण या एका इंग्रजी शब्दावर तिचं घर चालायचं. बोरिंगवर पाण्याचा गुंड ठेवला की नंबर लागला. जंगलखात्यानं सागाच्या बुंध्यावर ठोकला तो नंबर, आणि न ठोकताच गेलेलं लाकूड दोन नंबरचं. पोरगी रुपालीचा वर्गात नंबर यायचा, आणि नवरा डोमा एक नंबरचा आळशी. सर्वांत मोठा नंबर मात्र तलावाचा. गावच्या मासेमार ढिवरांना मोठं जाळं टाकायला पाळीपाळीनं तलाव मिळे. एकदा हुकला की वर्षभर बसा काठावर.

अठ्ठ्याण्णव साली डोमाचा नंबर येत्या सोमवारी होता, आणि पाणमांजरानं जाळ्याला भगदाड पाडून ठेवलं होतं. विणणार चंदाबाई. पण पंचेचाळिशीपुढच्या तिच्या डोळ्यांना पलीकडच्या झाडावरचा पोपट दिसे, हातातली गाठ दिसत नसे. चार दिवस खपून तिनं विणलं. शेजारीण सुकरी पाहून म्हणाली, "काऊन वो चंदाबाई, मासोळ्यांसाठी दरवाजा ठेवला काय?"

"तुह्यासारखी जाडी मासोळी असली त लागते ना," चंदाबाई म्हणाली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

गुरुवारी कुरखेड्याच्या एका शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. चष्मे फुकट, पण मोजकेच. पहिल्या बसनं चंदाबाई आणि सुकरी पोचल्या. खेड्यापाड्यांतली माणसं आधीच आली होती, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे व्हरांड्यात प्रत्येकानं आपली वस्तू लावून ठेवली होती: कोणाची चप्पल, कोणाचा विळा, कोणाची छत्री. चंदाबाईनं जाळ्याला वजन म्हणून बांधतात तो भाजक्या मातीचा गोळा ठेवला. सतरावा नंबर. मग सगळे मोहाच्या झाडाखाली तंबाखू मळत बसले.

शिबिराचा कार्यकर्ता भूपेश शहरातला होता, सदरा कडक इस्त्रीचा. व्हरांड्यात हा पसारा पाहून त्यानं झाडू मागवला आणि चाळीस माणसांचे नंबर एका कोपऱ्यात लोटून दिले. नुकतेच आलेले सहा-सात जण दारात उभे होते, त्यांना त्यानं आत घ्यायला सुरुवात केली.

चंदाबाई धावत आली. "भाऊ, आमचा नंबर कुठी गेला?"

"कोणता नंबर? इथं कोणीच नव्हतं."

"आमी नव्हतो. नंबर होता."

"बाई, माणूस उभा असेल तरच नंबर."

"सकाळपासून उभं राह्यलो असतो त डोळ्याचा नाई, गुडघ्याचा डॉक्टर लागला असता."

तोवर मोहाखालचं सगळं गाव व्हरांड्यात घुसलं. चाळीस माणसं, आणि पहिला नंबर चाळिसांचा. डॉक्टर दामिनीबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाचला आमची गाडी निघते. तोवर भांडा, नाहीतर डोळे तपासून घ्या."

चंदाबाई ढिगाऱ्यापाशी जाऊन खाली बसली. एकेक वस्तू उचलून चाचपू लागली. रोज बोरिंगवर कोणाचा गुंड कोणाच्या मागं हे ध्यानात ठेवायची सवय. इथंही मोहाखाली बसल्या बसल्या तिनं सगळी रांग मनात भरून घेतली होती. "हा विळा श्रावणचा, पहिला. ही तुटक्या पट्ट्याची चप्पल हरिदासभाऊची. मंग सोमारीची छत्री." ज्याची वस्तू तो मान हलवायचा. भांडण विझत गेलं. दारातल्या त्या सहा-सात जणांनाही कोणीतरी सर्वांत मागं चपला काढून ठेवायला लावल्या.

हातात मातीचा गोळा आला तेव्हा सुकरी कानाशी लागली. "ठेव ना पुढं. चष्मे सरतीन. कोनाले दिसते?"

"दिसत त मलेही नाई," चंदाबाई म्हणाली. "पन आठवते." आणि गोळा सतराव्या जागी गेला.

दामिनीबाई हे पाहत होत्या. "या बाईंना आधी आत घ्या," त्या म्हणाल्या.

"सोळा झाले की येईन," चंदाबाई म्हणाली.

सोळा झाले. तिच्या डोळ्यांच्या नंबरचा एकच चष्मा उरला होता, जाड काळ्या चौकटीचा, पुरुषी, आणि त्याला एका बाजूची काडीच नव्हती. भूपेश मान खाली घालून म्हणाला, "बाई, तुटका आहे."

चंदाबाईनं कमरेच्या बटव्यातून जाळ्याचा दोरा काढला, चौकटीला गाठ मारली, दुसरं टोक कानाला अडकवलं आणि त्याच्याकडं पाहिलं. "भाऊ, तुमच्या सदऱ्याची एक बटन खालच्या काजात लागली."

घरी येऊन तिनं जाळं पसरलं. एकेक गाठ चष्म्यातून पाहिली. मग रुपालीला म्हणाली, "जा, सुकरीले सांग, दरवाजा नव्हता. फाटक होतं." चार दिवसांचं काम तिनं उसवलं आणि रविवारपर्यंत नव्यानं विणून काढलं.

सोमवारी डोमाला जाळं एकट्यानं ओढवेना. त्यातली सर्वांत मोठी रोहू सुकरीच्या घरी गेली, सोबत निरोप: आज दरवाजा बंद होता.

आमच्याकडं कधी आलात आणि रांगेत एखादी एकटी चप्पल दिसली, तर मेहेरबानी करून झाडू शोधू नका. तिच्या मागं आपली काढून ठेवा, आणि मोहाखाली येऊन बसा.